शेवटची तारीख

सकाळी सव्वाअकरा वाजता रंगारी स्टूल घेऊन पोलीसप्रमुखांच्या खोलीत आला. खुर्चीमागच्या फळ्यावर आजवरच्या प्रमुखांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे दोन तारखांची जागा, आल्याची आणि गेल्याची.

"शेवटची तारीख भरायची आहे, साहेब," असं म्हणत त्याने रंगाचा डबा उघडला.

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. समोर मंत्र्यांच्या मेहुण्याच्या अटकेचा आदेश सहीसाठी होता. त्या मेहुण्याच्या गाडीखाली गेलेल्या मुलीची आई बाहेर बाकावर बसली होती. "मी कुणाच्या बापाला घाबरत नाही," असं साहेबांनी तिला दहाच मिनिटांपूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं. आता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधीच्या साहेबांना तीन महिन्यांत हलवलं होतं; यांना येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्यांनी आदेश फाडला आणि मंत्र्यांच्या सचिवाला फोन लावला. "मेहुण्यांचं प्रकरण मिटवलंय. मंत्रीसाहेबांच्या कानावर घाला आणि माझं तेवढं बघा."

"आम्ही तर अजून काही बोललोच नव्हतो हो," सचिव हसला. "पण तुम्हाला न सांगताच कळतं. छान!"

फोन ठेवून साहेबांनी मागे वळून पाहिलं. रंगारी ब्रश पुसत स्टूलवरून उतरत होता.



"आधीच्या साहेबांची तारीख राहून गेली होती, ती भरली. तुमच्या नावापुढे अजून कोरंच आहे."