आईच्या नावावर

“मग गाडी आईच्या नावावर घे,” विम्याच्या कचेरीतल्या लाईबाई म्हणाल्या. “इथे सगळी पोरं तेच करतात. बावीस वर्षांचा मुलगा, त्यातून नवंकोरं लायसन्स, म्हणजे हप्ता असाच लागणार. चाळिशीतल्या बाईचं निम्म्यात भागतं.”

पो-येनने दुसरे मार्ग चाचपून पाहिले. वडिलांच्या नावावर दोन अपघात होते, तिथे हप्ता काही कमी होणार नव्हता. विमाच थोडा कमी करावा म्हटलं, तर लाईबाईंनी डोंगरातल्या वळणांची आठवण करून दिली. कुणाला इजा झाली तर जन्मभर फेडत बसशील, म्हणाल्या. आणि गाडी नसेल तर नोकरीही नव्हती. पाणी शुद्ध करायची यंत्रं अलीशान डोंगरावरच्या वस्त्यांपर्यंत पोचवायची, ती स्कूटरवरून किती दिवस नेणार? मालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती.

आई होती. तौलिऊ गावात नाश्त्याचं दुकान चालवते, एवढं आत्याच्या बोलण्यात आलं होतं. तो नऊ वर्षांचा असताना ती घर सोडून गेली. त्यानंतर बरीच वर्षं तिचे फोन यायचे, आणि तो घ्यायचा नाही. पुढे ते यायचे थांबले.

चियायीला तौलिऊच्या आगगाडीत चढतानाच त्याने मनाशी पक्कं केलं. सही घ्यायची, सहीसोबत लागणारा तिच्या नावाचा शिक्का उठवून घ्यायचा, निघायचं. बसायचं नाही, खायचं नाही, आणि हप्त्याला तिचा हातभार तर मुळीच नाही.

तो पोचला तेव्हा दुकानातली गर्दी ओसरली होती. ती तवा खरवडत होती. तिने मान वर केली आणि उलथणं हातात तसंच राहिलं. आपण कोण हे सांगावं लागेल, असं त्याला वाटलं होतं. लागलं नाही.

त्याने उभ्याउभ्याच आपलं काम सांगून टाकलं. ऐकताऐकता तिने अंड्याचं धिरडं घातलं, कापलं, त्याच्यापुढे ठेवलं. त्याने बशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“फक्त नाव हवंय,” तो म्हणाला. “बाकी काही नको.”

ती आत गेली आणि ओळखपत्र, नावाचा शिक्का घेऊन आली. गाडी कुठली, कितीची, काही विचारलं नाही. भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला असं झालं की पुढे काय करावं कळत नाही. निघून जाणं सोपं होतं. पण अर्धीच गोष्ट सांगून सही घ्यायला त्याचं मन धजेना.

“यात तुला एक त्रास आहे,” तो म्हणाला. “गाडी तुझ्या नावावर, म्हणून मी जोरात जाताना रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात सापडलो तर दंडाची नोटीस तुझ्याकडे येणार. कुठे, किती वाजता, सगळं छापून. पैसे मीच भरणार, पण नसती कटकट तुला. हवं तर टपालासाठी माझा पत्ता देता येतो.”

तिने शिक्का शाईत बुडवला आणि कागदावर घट्ट दाबून धरला.

“नको, माझाच राहू दे,” ती म्हणाली. “अधूनमधून तरी कळेल मला, तू कुठे होतास ते.”