गार हलगी

आमचा कबड्डीचा संघ नव्या मालकानं विकत घेतला आणि पहिल्याच सामन्याला छावणीतल्या मैदानालगत सोफे मांडले. वर्षानुवर्षं तिथंच बसून हलगी वाजवणाऱ्या केरबामामांना आणि लासूरहून आलेल्या आम्हा सगळ्यांना त्याच्या माणसांनी दोरीमागं हाकललं. "पाहुणे बसायचेत." मामांनी हलगी पिशवीत घातली. आम्हीही तोंडं मिटली. पाहुण्यांनी फोटो काढले आणि मध्यंतरालाच जेवायला निघून गेले. त्या शांततेत आमची पोरं एकेक करून बाद व्हायला लागली. शेवटी मालक स्वतः दोरीपाशी आला. "मामा, वाजवा की! पोरं हरायलीत." मामांनी हलगी काढून टिचकी मारली. "गार पडली, साहेब. कातडं शेकल्याबिगर वाजत नाय." "मग शेका ना! काय पाहिजे?" "जाळायला लाकूड." मामा दोरी ओलांडून पुढं गेले. रिकाम्या सोफ्याच्या लाकडी हातावर टिचकी मारून त्यांनी मान डोलावली. "हे वाळलेलं हाय, साहेब."