विश्राम

काम ना धाम, दिवसभर नाक्यावर टवाळक्या करणारा तो युद्धपटात सैनिकांच्या गर्दीत उभा राहायला गेला, तेही फुकटच्या जेवणासाठी. रांगेत डुलतोय म्हणून सहायक दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली जाळ काढला. "नुसता गणवेश घालून कुणी सैनिक होत नाही, मूर्खा!" त्याच रागात तो खऱ्या सैन्यात भरती झाला. 'त्याला एकदा इंगा दाखवतोच' म्हणत मैदानं तुडवली, आणि हळूहळू ते आयुष्यच आवडू लागलं. काही वर्षांनी हवालदार होऊन तो दुसऱ्या चित्रपटातल्या सैनिकांना कवायत शिकवायला आला. रांगेत तोच सहायक उभा होता. काम सुटलेला, पोट सुटलेला. "ओळखलंत मला?" "नाही, साहेब." हे उत्तर थपडेपेक्षा झोंबलं. त्याला एकट्याला उन्हात सावधान उभं करून हवालदार सावलीत बसला. "साहेब, विश्राम म्हणा ना!" तो कळवळला. हवालदाराने चहा मागवला.