शेवटच्या रांगेतून

“पहिली रांग दोन हात मागे घ्या,” साउंडवाला म्हणाला.

वृद्धाश्रमाच्या सेविकेला ते पटलं नाही. “यांना आधीच कमी ऐकू येतं. उलट पुढे आणायला हवं ना?”

“म्हणूनच मागे. निम्म्यांच्या कानात यंत्रं आहेत. मोठा आवाज त्यात शिरला की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं.”

सेविकेने खुर्च्या ओढायला घेतल्या. तीस वर्षं मिक्सरवर बसलेल्या माणसाशी कोण हुज्जत घालणार?

त्याआधी दुपारी तो, त्याची गाणारी मुलगी आणि वाद्यवाले एका कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. तिथे मुलीने संथ गाणं धरलं आणि कामगारांनी मोबाइल काढले. साउंडवाल्याने लांबूनच बोट फिरवलं, हे सोड, ठेक्याचं घे. मिक्सरवरच्या आवाजाच्या पट्ट्या वर सरकवल्या. तिसऱ्या गाण्याला बाकांखाली बूट हलायला लागले, तेव्हा कुठे तो खुर्चीला टेकला. “कानांचा भरवसा नाही, पाय बघावेत,” हे त्याच्या बायकोचं म्हणणं. गायची ती आणि शिकवायचीही तीच. मिक्सरवर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावली तीही तिनेच. “दिव्यांकडे काय बघता? माणसांकडे बघा.”

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती.

कारखान्यातून इकडे येताना गाडीत मुलगी खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलली. त्याने “हं” म्हटलं. बापाचं “हं” कुठेही खपून जातं. मग तिने त्याच्या दंडाला हात लावला.

“बाबा, मी काय म्हणाले?”

“तोंड वळवून बोलू नकोस, किती वेळा सांगितलं. गाडी चालवतोय मी.”

तिने त्याच्याकडे तोंड केलं. “आज काही बिघडलं, तर पुढच्या महिन्यापासून मिक्सरवर दुसरा माणूस बसेल. मला बोलायला बरं वाटत नाहीये. पण त्या शाळेत काय झालं, आठवतंय ना?”

आठवत होतं. स्पीकर किंचाळला होता. सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवले तेव्हा याने पट्टी खाली ओढली. खापर मात्र वायरवर फोडलं.

“आज काही बिघडणार नाही,” तो म्हणाला.

रिकामं बसायची त्याला भीती नव्हती. भीती वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पट्टीवर बोट ठेवलं की त्याला बायकोचा आवाज यायचा. पूर्वी ती तपासणीच्या वेळी शेवटच्या रांगेपाशी जाऊन उभी राहायची आणि तिथून सांगायची, तसाच. “अहो, जरा खाली.” “अहो, मागच्यांना पोचत नाहीये.” घरात यायचा नाही, तिच्या फोटोसमोर बसूनही यायचा नाही. फक्त मिक्सरवर. मिक्सर गेला की ती दुसऱ्यांदा जाणार होती.

आश्रमाच्या हॉलमध्ये त्याने नेहमीसारखा पाण्याचा पेला स्पीकरवर ठेवला. पाणी थरथरेल तेवढा आवाज, सांडेल तेवढा नाही. वाद्यवाले कारखान्यातूनच घरी गेले होते. म्हाताऱ्यांना गर्दी नको, एक पेटी पुरे, असं त्यानेच ठरवलं होतं. मुलगी स्वतःच पेटी घेऊन बसली.

पहिल्या गाण्याला एका आजोबांचा हात कानाकडे गेला. “अहो, खाली.” त्याने केसभर खाली घेतलं. हात मांडीवर परतला. दुसऱ्या गाण्याला मागच्या बाई पुढे वाकल्या. “अहो, मागे.” त्याने मागच्या स्पीकरचा आवाज वाढवला. तिसऱ्याला चपलांचे अंगठे ठेका धरू लागले. मुलीने त्याच्याकडे बघून मान हलवली. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग खिडकीजवळच्या आजींनी हात वर केला आणि मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलीचा चेहरा उतरला. सेविका त्याच्यापाशी आली.

“आजी म्हणतात, पूर्वी एक बाई यायच्या इथे. शेवटी एक अंगाई म्हणायच्या. तीच हवीय त्यांना.”

ते गाणं बायकोने मुलीसाठी रचलं होतं. नुसत्या गळ्यावर म्हणायचं, पेटीही नाही. ती गेल्यापासून मुलीने ते तोंडातून काढलं नव्हतं.

मुलीने लांबूनच ओठांनी विचारलं, आईचं?

त्याने मान डोलावली.

तिने पेटी बंद केली. उभी राहिली. माइक तोंडाजवळ नेला. त्याने पट्टी तळाजवळ आणली, कारण अंगाई ओरडून म्हणत नाहीत. मग कार्यक्रमात कधी करायचा नाही ते त्याने केलं. डोळे मिटले.

आणि गाणं आलं. तोच गळा, तीच दुसऱ्या ओळीपाशी घेतलेली बारीकशी उसंत, तोच शेवटचा लांबवलेला सूर. तीन वर्षं तो या एका गोष्टीसाठी झुरत होता. गालावरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलंही नाही.

डोळे उघडले तेव्हा एकही पाय हलत नव्हता. कुणी खोकत नव्हतं, टाळी नव्हती. सगळे मुलीकडे टक लावून बघत होते. खिडकीजवळच्या आजी डोळे टिपत होत्या. स्पीकरवरच्या पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. इतका हलका हात आपला कधी पडला नव्हता, असं त्याला वाटलं. आता मिक्सर कोण काढून घेतो, बघू.

मुलगी खुर्च्यांमधून त्याच्यापर्यंत आली. तिचा चेहरा ओला होता.

“आज तू थेट आईसारखी गायलीस,” तो म्हणाला. “एक सूर इकडचा तिकडे नाही.”

तिने माइक खाली ठेवला. मग तिने लहान मुलाचा धरावा तसा त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “बाबा, मला गाताच आलं नाही. मी नुसती उभी होते.”