भुजंगाची गाडी

शिमग्याला खोड्या माफ असत्यात. म्हणून पहाटे मी न् धोंडीबानं भुजंगाची बैलगाडी खोलली. चाकं, जू, साटा, समदं माझ्या गोठ्यात आणून टाकलं.

भुजंगाला दिवस भरलेल्या बायकोला, बानूबाईला, घेऊन पिंगळीला निजामाची आगगाडी गाठायची होती. "पाया पडत येईल बघ," मी हसलो.

तेवढ्यात रस्त्यावर चाकं कुरकुरली. गोठ्यात तर चाकं जागच्या जागी होती.

मोकळ्या मानेचे बैल जोडीनं आले. त्यांच्या मागं, जमिनीपासून हातभर वर, भुजंग न् बानूबाई बसलेले. खाली काईच न्हाई.

"मामा, चाकं न् जू ऱ्हाऊ द्या तुमाला," भुजंग म्हणाला. "गाडी हाय माझ्याजवळ."

बानूबाई सरकून बसली. "टेसनापतूर चला की, मामा. हातपाय ऱ्हाऊ द्या हितंच."