सायकलीतला बिघाड

“एक बोल्ट उरलाय,” ती म्हणाली.

नवरा आणि दीर फरशीवर फतकल मारून बसले होते. समोर व्यायामाची नवीकोरी सायकल उभी होती आणि दोघांच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद होता.

“वहिनी, एखादा जादाचा देतात हो,” दीर म्हणाला.

“देतात, की तुम्ही लावायला विसरलात?”

“हिचा कुणावर म्हणून विश्वास नाही,” नवरा म्हणाला.

नव्हताच. कसा असणार? हा माणूस दाढी करता करता बाथरूममध्ये कोसळला होता, त्याला अजून फार दिवस झाले नव्हते. डॉक्टरांनी हृदयाची तुंबलेली नळी मोकळी केली आणि घरी पाठवताना बजावलं, रोज सायकल चालवायची. नुसते बसून राहिलात तर हृदय आणखी कमजोर होईल. आणि चालवताना ठोके शंभराच्या फार वर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे चालवली नाही तरी जिवाला धोका, जास्त चालवली तरी धोका. ती ऐकूनच अर्धी झाली होती.

तिने सोबतची चित्रं बघत एकेक जोड पुन्हा तपासला. बोल्ट खरंच जादाचा निघाला, पण डावं पेडल तिरकं बसलं होतं. ते उलटं फिरवून आवळायचं असतं. या दोघा पहिलवानांनी सुलटं आवळून ठेवलं होतं.

“हे चालवताना निसटलं असतं म्हणजे?”

दोघांनी माना खाली घातल्या. त्या दिवसापासून ठरलं, आधी ती तपासणार, मग तो बसणार. भाजीतलं मीठ चाखून बघितल्याशिवाय ती ताट वाढत नसे, तिथे या लोखंडाच्या धुडावर नवऱ्याला अशीच कशी बसू देईल?

रोज सकाळी सगळी तपासणी व्हायची. सायकल डगमगते का, सीटची खीळ भोकात नीट बसली का, पेडलच्या पट्ट्या घट्ट आहेत का. मग स्वतः चढून मुठी धरायच्या आणि समोरचा छोटा पडदा उजळतो का बघायचं. मुठींवर चकचकीत पट्ट्या होत्या. हात ठेवला की ठोक्यांचा आकडा पडद्यावर यायचा.

चार-सहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी ती ओरडलीच.

“अहो, जवळ येऊ नका! आकडा दीडशेवर गेलाय!”

“मी तर इथे चहा पितोय,” नवरा म्हणाला.

“तेच म्हणतेय मी! पेडल हललंही नाही तरी दीडशे, तुम्ही चालवलीत तर काय होईल?”

नवऱ्याने येऊन बघितलं तेव्हा आकडा सत्तरच्या आसपास शांत बसलेला. “मला कसा कधी दिसत नाही तुझा दीडशे?”

“तुमच्यासमोर शहाण्यासारखी वागते ती.”

पण पुढेही तेच. एक दिवस ठीक, एक दिवस आकडा माकडासारखा उड्या मारायचा. खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून हा माणूस पाय मारत राहील आणि एक दिवस मान टाकेल, हे तिला जागेपणीही दिसायला लागलं. तिने सायकलवर चादर टाकली आणि दुकानात फोन करून मेकॅनिक पाठवा म्हणून तगादा लावला. काळजीने तिची झोप उडाली. जिना चढताना दम लागायचा, भांडी घासता घासता मध्येच टेकावं लागायचं. “तू आधी स्वतःला सांभाळ,” नवरा म्हणायचा. “तुम्ही धड असलात की मी धडच आहे,” ती म्हणायची.

एका दुपारी ती पिशव्या घेऊन जिना चढत होती. दारापाशी आली तर आतून चाकाची घरघर ऐकू आली. चादर काढून स्वारी चढली होती तर! तिने कुलपात किल्ली घातली आणि घरघर एकदम थांबली.

“अहो?”

तिने घाईघाईने किल्ली फिरवली.

दार ढकलून ती आत धावली तर नवरा मुठींवर पालथा पडलेला.

“अहो!”

“अगं, पट्टीत पाय अडकलाय, ओरडतेस काय?” तो वाकूनच म्हणाला.

ती भिंतीला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. छातीतली धडधड कितीतरी वेळ थांबेना. ती रडली, मग त्याला मनसोक्त बोलली आणि पुन्हा रडली. मेकॅनिक येईपर्यंत चढणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पडदा उघडला, तारा बघितल्या, पुन्हा बसवल्या. मग स्वतः मुठी धरल्या.

“अठ्ठ्याहत्तर. काका, आता तुम्ही धरा. बहात्तर. काकू, सायकल ठणठणीत आहे.”

“दर वेळी असंच करते ती! थांबा, मी दाखवते.”

ती तरातरा जाऊन सीटवर बसली आणि मुठी धरल्या. पडदा क्षणभर कोरा राहिला. मग आकडे आले. एकशे छप्पन्न. एकशे एकोणीस. एकशे सदुसष्ट.

“बघा!” तिचा चेहरा उजळला. “म्हणत नव्हते मी? सापडली की नाही चोरी?”

मेकॅनिकने नवऱ्याकडे बघितलं. नवरा उठून जवळ आला. हॉस्पिटलात नर्स त्याचं धरायची तसं त्याने तिचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले. ते मध्येच धावत होते, मध्येच चुकत होते.

“हळूच उतर,” शेवटी तो म्हणाला. “सायकल बरोबर सांगतेय.”