धुरपताच्या आवाजात

हिरालाल ठेकेदारानं युनियनचा अर्ज उघडलाच नाही. त्यावर चहाची बशी ठेवली.

"जाळी पाहिजे, कमरेले पट्टे पाहिजे, परांचीले नव्या लाकडी बल्ल्या पाहिजे. उद्या म्हणसान, पाळणा बांधून दे!"

"धुरपता परांचीवरून पडून मेली त्याले महिना नाई झाला, शेठ," कैलास मिस्त्री म्हणाला.

"पाय घसरला तिचा. मंगळवारी चौथ्या मजल्याचं काम सुरू. ज्याले भेव वाटते त्यानं घरी बसा."

वर्ध्याच्या त्या इमारतीवर बेचाळीस माणसं. अर्जावरचे सगळ्यांचे अंगठे बशीखाली ओले होत होते.

शेठ कायद्याला भीत नसे, पण गाडीला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. कैलासनं तीच वाट धरली. हिंगणीहून एसटीनं येऊन घमेली वाहणाऱ्या कौशल्याबाईला त्यानं गळ घातली: मंगळवारी शेठसमोर अंगात आण, धुरपता होऊन जाळी माग.

"पाप लागन नं रे बाबू."

"माणसं वाचवाले कायचं पाप?"

मंगळवारी दुपारी शेठ आला. बायका रांगेनं घमेली वर देत होत्या. सिमेंटच्या धुळीपायी सगळ्यांची तोंडं फडक्यानं बांधलेली, डोळे तेवढे उघडे. रांगेतल्या एकीनं घमेलं खाली ठेवलं अन् घुमायला लागली.

"शेठ," आवाज थेट धुरपताचा, "बल्ली सडली हाय, म्या सांगतलं होतं नं तुले? तू हासला होता. म्हने, तुयं वजन तरी किती!"

शेठ पांढराफटक पडला. कैलासनं हे शिकवलंच नव्हतं. ही बाई तर नाटक कंपनीत पाहिजे, त्याच्या मनात आलं.

"जाळी बांध. नाईतर पुढचा पडन त्याले घेऊन तुयाच घरी येतो."

कैलासनं पुढं केलेल्या अर्जावर शेठनं सही केली. समोरच्या एसटीडीवरून फोन केला. दिवस मावळायच्या आत जाळी लागली, पट्टे आले, जुन्या बल्ल्या उतरल्या. तिसऱ्या मजल्यावरची एक तर हातातच मोडली.

त्या गडबडीत बाई कुठं गेली, कोणाला दिसलं नाही. लवकरची गाडी धरली असेल म्हणून कैलास पावभर पेढे घेऊन हिंगणीला गेला.

कौशल्याबाई गोधडी पांघरून खाटेवर पडली होती. त्याला पाहताच धडपडत उठून बसली.

"रागावू नको, बाबू. रातपासून तापानं फणफणून राह्यली, आज कामावर येनंच नाई झालं. शेठले एक दिवस थांबव. उद्या पक्की येतो, अन् अशी बोलतो का धुरपताच वाटली पाहिजे."